जुन्या नाण्यांवरची चित्रं कुणाचा इतिहास सांगतात?

प्रश्न : सासऱ्यांच्या पत्र्याच्या पेटीत जुनी नाणी निघालीत. राणीचं, दोन राजांची, त्यातल्या एकावर मागे वाघ आहे, एकावर चारमिनार, आणि धरणाचं चित्र असलेली शंभरची नोट. मुलगा नववीत आहे, तो म्हणतो यावरून देशाच्या इतिहासाचा प्रोजेक्ट करतो. खरंच होईल का तसं? आणि नाणी चिंचेनं घासून चमकवली तर चालेल का?
— एक वाचक भगिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : ताई, जरूर करू द्या, फक्त त्याला आधी एवढं सांगा की नाण्यावर काय छापायचं ते सरकार ठरवतं, त्यामुळे देशात काय घडलं यापेक्षा सरकारला देश कसा दाखवायचा होता तेच त्यात जास्त दिसतं. म्हणून प्रत्येक नाण्याशेजारी त्यानं एक ओळ लिहावी, त्या वर्षी आपल्याकडे काय चाललं होतं.

राणीचं नाणं घ्या. १८७६ पर्यंत त्यावर 'व्हिक्टोरिया क्वीन' असायचं, १८७७ पासून 'एम्प्रेस' झालं, दिल्लीत मोठा दरबार भरवून तसं जाहीर केलं. आणि नेमका तेव्हाच दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडलेला, आपला सोलापूर जिल्हा त्यात होरपळून निघाला, माणसं खडी फोडायला दुष्काळी कामांवर जात होती. नाण्यावर मात्र मुकुट घातलेली राणी.

वाघ नसलेल्या नाण्यावरचा राजा पंचम जॉर्ज असेल तर साल बघा. १९११ च्या त्याच्या रुपयावर झग्यावरचा हत्ती इतका बारीक कोरला होता की लोकांना तो डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि सरकारला चित्र सुधारून घ्यावं लागलं! पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते १९३० चं. तेव्हा गिरणी कामगारांच्या पगारात हाच चेहरा यायचा, त्याच राजाच्या नावानं सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चार स्वातंत्र्यसैनिकांना फाशी दिलं. मुलाला म्हणावं चार हुतात्मा चौकात जाऊन पुतळ्यांचा फोटो काढ आणि या नाण्याच्या बाजूला लाव.

चारमिनारवालं इंग्रजांचं नाही, ते हैदराबादच्या निजामाचं, त्याच्या राज्याचं स्वतःचं चलन, हाली सिक्का. आपण आता तुळजापूरला सहज जाऊन येतो, तेव्हा देवीला जायचं म्हणजे निजामाच्या राज्यात जायचं, आणि तिकडचे ७ रुपये म्हणजे इंग्रजी ६ असा हिशोब असायचा. हे नाणं सोलापूरच्या घरात सापडणं अगदी साहजिक आहे, आणि तुमच्या पेटीत मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं, कारण 'एक देश' तेव्हा नाण्यातसुद्धा एक नव्हता.

वाघाचा रुपया १९४७ चा असेल, पुढून सहावा जॉर्ज, मागून वाघ, आणि धातू निकेल कारण महायुद्धात चांदीची टंचाई झालेली. १९५० ला राजा गेला, अशोकस्तंभाचे सिंह आले, रुपयावर धान्याची कणसं, आण्यावर बैल, पैशावर घोडा. नोटांवर गांधीजींचं चित्र घ्यावं असा विचार तेव्हाही झालेला पण सिंह ठरले. गांधीजी नोटेवर आले ते १९६९ च्या जन्मशताब्दीला, आणि त्यांची सिरीज निघाली १९९६ मध्ये.

शंभरच्या नोटेवरचं धरण बहुतेक हिराकुडचं, ओडिशातलं, १९५७ ला उद्घाटन झालेलं. त्या काळच्या नोटा मला मनापासून आवडतात, पाचवर ट्रॅक्टर, दोनवर आर्यभट्ट उपग्रह, एकवर समुद्रातलं तेल काढणारं 'सागर सम्राट' जहाज, म्हणजे राजे-महाराजे सोडून कामाचं चित्र. पण धरणाच्या पाण्याखाली गेलेली गावं त्या चित्रात नाहीत, आणि ती काय असतात हे उजनी धरणामुळे उठलेल्या माणसांना विचारा, आपल्या जिल्ह्यात अशी घरं भरपूर आहेत.

राहिलं चिंचेचं. अजिबात घासू नका, चिंच नको, लिंबू नको, पितांबरी पण नको. वर्षानुवर्षं चढलेला तो काळसर थर निघाला की नाण्याची किंमतही जाते आणि बारीक अक्षरंही झिजतात. कडेला धरून उचला, दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि चार्टवर फोटोच चिकटवा, नाणी कोरड्या कागदी पाकिटात ठेवा. नोट लॅमिनेट करू नका, दुमडू पण नका.