खेळताना मूल नेमका कशाचा विचार करते?

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे खेळ आणि शिकणे यांच्या संबंधाविषयीची आहेत. त्यांची उत्तरे एकमेकांना जोडलेली असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी आठ वर्षांची आहे. पाढे पक्के व्हावेत म्हणून तिला मोबाइलवर गणिताच्या खेळाचे एक अ‍ॅप घेऊन दिले. रोज अर्धा तास ती आवडीने खेळते, चाळीस टप्पे तिने पार केले आहेत. पण ‘सात आठे किती’ असे तोंडी विचारले की अडखळते. खेळातून शिकता येते, हे म्हणणेच चुकीचे आहे का?

उत्तर : म्हणणे चुकीचे नाही, अर्धवट आहे. खेळातून मूल शिकते, पण प्रत्येक चाल करताना त्याला ज्या गोष्टीचा विचार करावा लागतो तेवढीच गोष्ट शिकते. खेळाच्या वेष्टनावर कोणत्या विषयाचे नाव छापले आहे, याने त्यात काही फरक पडत नाही. म्हणून मुलीला आणखी प्रश्न विचारण्याआधी दहा मिनिटे तिच्या शेजारी बसा आणि काही न बोलता तिची नजर व तिचे बोट पाहा.

अशाच एका खेळात रमलेल्या मुलाशेजारी मी मध्यंतरी बराच वेळ बसलो होतो. पडद्यावर ६ × ७ आले आणि खाली ३५, ५४, ४८ आणि ४२ असे चार फुगे तरंगू लागले. त्याने आधी ५४ वर बोट ठेवले, तर फुगा नुसता थरथरला. मग ४८ वर ठेवले, तोही थरथरला. तिसऱ्या खेपेस ४२ चा फुगा फुटला आणि नाणी खणखणली. पुढच्या गणितात त्याने वरच्या प्रश्नाकडे पाहिलेसुद्धा नाही. या मुलाला आळशी म्हणता येणार नाही, कारण खेळाचा खरा नियम त्याने अचूक ओळखला होता : चुकीच्या उत्तराने काही बिघडत नाही आणि चारांतला एक फुगा कधी ना कधी फुटतोच. पाढा आठवण्याची गरज त्या खेळाने ठेवलीच नव्हती. शिवाय, जे मूल प्रामाणिकपणे खेळते तेही समोर दिसणाऱ्या चार संख्यांतून बरोबर संख्या ओळखत असते, आणि तुम्ही तोंडी विचारता तेव्हा काहीही समोर नसताना ती आठवावी लागते. ओळखणे आणि आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवण्याचा सराव आठवूनच होतो.

गणित खेळाच्या गाभ्यात आहे की खेळाला बाहेरून चिकटवले आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. हॅबगूड आणि एन्सवर्थ या ब्रिटिश संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७ ते ११ वर्षांच्या मुलांना भागाकाराचा एकच खेळ दोन रूपांत दिला होता. पहिल्या रूपात समोर येणाऱ्या सांगाड्याच्या छातीवर एक संख्या असे आणि तिला कोणत्या अंकाने निःशेष भाग जातो हे ओळखूनच त्याच्यावर योग्य वार करता येई. दुसऱ्या रूपात लढाई नुसतीच होती आणि भागाकाराची गणिते दोन टप्प्यांच्या मध्ये प्रश्नमंजूषेसारखी येत. सारखाच वेळ खेळूनही पहिल्या रूपातील मुले अधिक शिकली. आणि हवे ते रूप खेळायची मोकळीक दिल्यावर मुलांनी पहिल्या रूपाला दुसऱ्याच्या सातपटींहून अधिक वेळ दिला. मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण कडू गोळीला साखर लावावी तसा अभ्यासाला खेळ लावायचा, ही आपली नेहमीची कल्पना त्याने मोडीत निघते.

अ‍ॅप काढून टाकण्याची गरज नाही. ज्यात उत्तर स्वतः टंकावे लागते आणि चूक झाल्यास बरोबर उत्तर दाखवून तेच गणित थोड्या वेळाने पुन्हा विचारले जाते, असा खेळ निवडा. आणि अर्ध्या तासातील शेवटची पाच मिनिटे पडदा बंद करून तोंडी विचारण्यासाठी ठेवा. शिक्षणासाठी तयार केलेल्या खेळांवरील अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१३ मधील एका विश्लेषणात असेच दिसले, की खेळाला इतर प्रकारच्या शिकवण्याची जोड मिळाली, तो एकापेक्षा अधिक वेळा खेळला गेला आणि मुले गटाने खेळली, तेव्हा शिकणे वाढते. या खेळांमुळे मुलांची शिकण्याची ओढ इतर पद्धतींपेक्षा वाढते, असे मात्र त्या विश्लेषणात सिद्ध झाले नाही.

प्रश्न : मी बालवर्गाला शिकवते. संख्यांची समज यावी म्हणून मुलांना सापशिडी खेळायला देते. त्याचा खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : होतो, पण पट कसा आहे आणि मुले सोंगटी सरकवताना तोंडाने काय म्हणतात, यावर तो ठरतो. सीगलर आणि रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये अगदी साध्या पटाचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका सरळ रेषेत १ ते १० अशी घरे, एक फिरती चकती आणि तिच्यावर फक्त १ व २ हे अंक. गरीब घरांतील शाळापूर्व वयाची मुले काही बैठकांत मिळून सुमारे तासभर हा खेळ खेळली. तेवढ्यानेही दोन संख्यांतील मोठी कोणती हे ओळखणे, अंक वाचणे, मोजणे आणि रेषेवर संख्येची जागा दाखवणे यांत त्यांची प्रगती झाली आणि नऊ आठवड्यांनंतरही ती टिकून होती. ज्या मुलांनी तसाच पट अंकांऐवजी रंगांच्या घरांसह खेळला, त्यांना हा लाभ झाला नाही.

याहून बारीक गोष्ट लास्की आणि सीगलर यांच्या २०१४ च्या अभ्यासात आहे आणि ती तुमच्या वर्गात उद्यापासून वापरता येईल. सोंगटी १४ वर आहे आणि दान तीनचे पडले, तर बहुतेक मुले ‘एक, दोन, तीन’ असे म्हणत ती १७ वर नेतात. या मुलाचा १५, १६, १७ यांच्याशी काहीच संबंध आलेला नसतो. घरांवरचे अंक त्याच्यासाठी नुसती नक्षी असतात. तेच मूल ‘पंधरा, सोळा, सतरा’ असे घरावरचे अंक वाचत गेले, तर मात्र संख्यारेषा त्याच्या मनात उभी राहू लागते. पट तोच, दान तेच, पण एक मूल शिकते आणि दुसरे शिकत नाही. मराठी मुलांना तर या वाचनाची अधिकच गरज आहे, कारण ‘सत्तेचाळीस’ म्हणताना आपण सात आधी उच्चारतो व लिहिताना चार आधी लिहितो, आणि ‘एकोणपन्नास’ या शब्दात तर नऊही ऐकू येत नाही व चाळीसही.

नेहमीच्या सापशिडीत एक ओळ डावीकडून उजवीकडे आणि पुढची उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे लहान मूल वळणावर चुकते. साप आणि शिड्यांमुळे संख्यांचा क्रमही तुटतो. अगदी लहान मुलांसाठी पुठ्ठ्यावर १ ते १० चा सरळ पट आखा आणि पुढे १०० पर्यंतचा पट करताना प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू करा. सापशिडी त्यानंतर द्यावी, आणि ती केवळ मजेसाठी खेळली गेली तरी काही हरकत नाही.

प्रश्न : बुद्धिबळाच्या वर्गाला घातल्याने मुलाचे गणित सुधारते, असे सर्वत्र ऐकतो. हे खरे आहे का?

उत्तर : या समजाला आज तरी भक्कम आधार नाही. इंग्लंडमधील शंभर शाळांत दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवून एक वर्षानंतर त्यांचे गणित तपासण्यात आले. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या त्या अहवालानुसार बुद्धिबळ शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांत फरक आढळला नाही. याचे कारण चेस आणि सायमन या मानसशास्त्रज्ञांच्या १९७३ च्या प्रसिद्ध प्रयोगातून समजू शकते. खऱ्या डावातील मांडणी पाच सेकंद पाहून निष्णात खेळाडू ती नवशिक्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडत असत, पण मोहरी मनमानीपणे ठेवली की त्यांची आठवण नवशिक्यांच्या पातळीवर येई. म्हणजे वाढलेली असते ती बुद्धिबळातील रचनांची ओळख; सर्वसाधारण स्मरणशक्ती वाढलेली नसते. मुलाला बुद्धिबळ आवडत असेल तर त्याला जरूर खेळू द्या, कारण तो स्वतःच एक श्रेष्ठ खेळ आहे, आणि गणितासाठी गणितच करू द्या.

प्रश्न : आमच्या वाचनालयात मुलांनी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाला गुण, बिल्ला आणि क्रमवारीतील स्थान देण्याचा विचार आहे. काय काळजी घ्यावी?

उत्तर : जी मुले आधीपासून आवडीने वाचतात, त्यांची आधी काळजी घ्या. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये रंगीत पेनांनी चित्रे काढायला आवडणारी लहान मुले निवडली आणि त्यांतील काहींना ‘चित्र काढलेत तर प्रमाणपत्र मिळेल’ असे आधीच सांगितले. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात तीच पेने समोर ठेवली, तेव्हा या मुलांनी इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढली. ज्यांना तेच प्रमाणपत्र अनपेक्षितपणे मिळाले होते, त्यांची आवड घटली नाही. पुस्तकांच्या संख्येवर गुण दिले, तर मुले पातळ पुस्तके शोधतील, आणि त्यात त्यांचा दोष असणार नाही. क्रमवारी तर मुळीच लावू नये. त्याऐवजी वाचलेल्या पुस्तकातील एखादे पात्र किंवा प्रसंग इतरांनी ओळखायचा, असा खेळ ठेवा. त्यात जिंकण्यासाठी पुस्तक नीट वाचलेलेच असावे लागते.

प्रश्न : मक्तेदारी कशी निर्माण होते हे समजावे म्हणून मी नववीच्या वर्गात गट पाडून बाजाराचा खेळ घेतला. मुले रंगून गेली, पण नंतर विचारले तर कोण जिंकले एवढेच सर्वांना आठवत होते. माझे कुठे चुकले?

उत्तर : तुमचा खेळ बहुधा चांगलाच होता, तो जिथे संपला तिथेच तास संपला, एवढीच उणीव राहिली. या बाबतीत तुम्ही एकट्या नाही. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन महिलेने १९०४ मध्ये ‘द लँडलॉर्ड्स गेम’ या पटाचे पेटंट मिळवले, ते जमीन मोजक्या हातांत गेली की इतरांचे कसे हाल होतात हे लोकांना दिसावे म्हणून. त्यासाठी तिने नियमांचे दोन संच केले होते : एकात मक्तेदार जिंके आणि दुसऱ्यात निर्माण होणाऱ्या संपत्तीचा लाभ सर्वांना मिळे. त्या खेळातूनच पुढे १९३५ मध्ये बाजारात आलेली ‘मोनोपॉली’ घडली आणि तिच्यात मक्तेदाराचेच नियम उरले. तेव्हापासून असंख्य मुले इतरांना कंगाल करण्याचा आनंद घेत तो पट खेळत आली आहेत. खेळणारा जिंकण्याच्या दिशेने विचार करतो. खेळाबाहेर उभे राहून नियमांकडे पाहायला त्याला कोणीतरी थांबवावे लागते.

म्हणून पुढच्या वेळी तासाच्या मध्यावरच खेळ थांबवा, कोणी जिंकलेले नसले तरी चालेल. हरत असलेल्या गटाला आधी बोलू द्या. आपले भांडवल कोणत्या फेरीपासून आटू लागले आणि त्यानंतर आपल्या हातात कोणते निर्णय उरले होते, हे त्यांना फळ्यावर लिहायला सांगा. मग आघाडीवरच्या गटाला विचारा, की त्यांच्या यशात कौशल्य किती होते आणि पहिल्या दोन फेऱ्यांतील नशीब किती. त्यानंतर एकच नियम बदलून, उदाहरणार्थ भाड्याचा अर्धा वाटा सर्वांच्या सामाईक निधीत टाकायला लावून, उरलेल्या वेळात तोच खेळ पुन्हा घ्या आणि दोन्ही वेळचे आकडे शेजारी शेजारी मांडा.