टॅरोमध्ये, म्हणजे भविष्य बघायच्या चित्रांच्या पत्त्यांत, 'हँग्ड मॅन' (टांगलेला माणूस) कार्ड आलं म्हणजे काम अडकणार का? आणि ते उलटं आलं तर?

आधी चित्र बघा, नाव नंतर वाचा. त्या नावाला घाबरून आमच्या आत्याने ११,००० रुपये घालवले, म्हणून लिहितेय.

माझा भाऊ इथे सोलापुरात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग जुळवणारा-दुरुस्त करणारा, होता. कारखाना बंद पडला आणि तो आठ महिने घरी. रोज संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी जाऊन बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. आत्या त्याचा फोटो घेऊन कार्ड बघणाऱ्या एका बाईंकडे गेली. हेच कार्ड निघालं. "पोराला कुणीतरी बांधलंय, सोडवणूक करावी लागेल," म्हणून त्यांनी पैसे घेतले.

आमचे वडील चादरीची नक्षी ग्राफवर उतरवायचे. एक चौकोन चुकला की जकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, पुठ्ठ्याला भोक चुकीचं पडतं आणि चादरभर प्रत्येक मोराची मान बिघडते. चित्र कोपऱ्यान् कोपरा बघायची सवय आम्हाला तिथून लागली. आत्याच्या मोबाइलवर ते कार्ड मोठं करून पाहिलं. माणूस उलटा टांगलेला, पण दोर एकाच पायाला. दुसरा पाय मोकळा, गुडघ्यात दुमडून मागे घेतलेला. लाकडाला पालवी फुटलेली. डोक्याभोवती तसबिरीतल्या संतासारखं तेजोवलय, आणि चेहरा शांत. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ यांचं, १९०९ च्या संचातलं. ते ज्यांनी त्यांच्याकडून काढवून घेतलं त्या आर्थर वेट यांनीच लिहून ठेवलंय की लाकूड जिवंत आहे आणि चेहऱ्यावर यातना नाहीत, तल्लीनता आहे. मग 'बांधलंय' आलं कुठून? जुन्या इटलीत या पानाला 'गद्दार' म्हणत. गद्दारांची बदनामी करायला त्यांची अशी उलटी टांगलेली चित्रं रंगवत. तो अर्थ उचलायचा आणि तेजोवलय बघायचंच नाही, याला मी वाचणं म्हणत नाही.

भावाला त्या आठ महिन्यांत दोनदा काम मिळत होतं, निम्म्या पगारावर. त्याने नाही म्हटलं. इलेक्ट्रॉनिक जकार्ड शिकायचं की नाही, हे तो तलावाकाठी ठरवत होता. मी विचारलं तेव्हा त्यानेच सांगितलं. शिकला, आणि आज एका टॉवेल कारखान्यात आहे. आत्या अजून म्हणते, सोडवणुकीचा गुण आला. नाही आत्या, तो थांबला होता. त्याला कुणी अडकवलं नव्हतं.

उलटं आलं तर वाचणारे हट्ट, उगाच लांबवलेलं थांबणं असा अर्थ लावतात. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने तर छापणाऱ्यानेच हे पान उलटं छापलंय असं ठरवून माणूस उभा केला होता. तेव्हा त्याचा धसका घेऊ नका.

कार्डांवरून भविष्य कळतं असं मी मानत नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. तुमचा संच वेगळा असेल तर चित्रही वेगळं असेल. पण सोडवणुकीचे पैसे कुणी मागितले, तर मोकळ्या पायावर बोट ठेवून विचारा, इथला दोर कुठे आहे? आत्याने विचारलं नाही.