"मले काहीच होत नाही, मंग गोळी कायले?"

मागच्या काही वर्षांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता माणूस दारातून आत आला, हातात चार घड्या घातलेला लॅबचा कागद असला आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा असला की मी ओळखते, कोलेस्ट्रॉल. आमचा तालुका यवतमाळ जिल्ह्यातला, कापूस-तुरीचा. सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक आहे, बीपी-शुगरच्या खोलीला लागून माझं टेबल आहे. डॉक्टर तपासतात, गोळी लिहितात, पण बाहेर लाईन इतकी असते की ते म्हणतात, "मॅडमकडे बसा जरा." त्या "जरा"मध्ये माझं सगळं काम येतं.

एका काकांचं सांगते. नाव-गाव लिहीत नाही. वय ५६, अंगाने काटक, शेती कोरडवाहू, शुगरची गोळी चार वर्षांपासून चालू. मार्चमध्ये त्यांच्या व्याह्यांना अटॅक आला म्हणून मुलीने हट्टाने यांचं रक्त तपासून घेतलं. टोटल कोलेस्ट्रॉल २५६, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्ट्रॉल १७२, एचडीएल म्हणजे चांगलं ३६, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली दुसरी चरबी २४०. डॉक्टरांनी एटोरव्हास्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉल कमी करणारी गोळी, सुरू केली आणि जूनमध्ये परत तपासलं तर एलडीएल १६८, म्हणजे जागच्या जागीच. डॉक्टर डोस वाढवायला निघाले तशा दारात उभ्या असलेल्या काकू हळूच म्हणाल्या, "वाढवू नोका साहेब. ते खातच नाहीत. देवाच्या फोटोमागं सारे पाकिटं तसेच हायेत."

मग आले दोघं माझ्या टेबलापाशी.

"काका, गोळी काऊन नाही घेतली?"

"मले काहीच होत नाही न मॅडम. छातीत दुखत नाही, दम लागत नाही. आजबी सकाळून वावरात जाऊन आलो. बिमार माणूस गोळी खाते."

त्या दिवशी मी समजावून सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. कोलेस्ट्रॉल काही विष नाही, शरीराला ते लागतंच आणि बरंचसं आपलं लिव्हरच बनवतं, म्हणून वर्षानुवर्षं मटण न खाल्लेल्या माळकऱ्याचंही वाढू शकतं आणि बारीक माणसाचंही वाढू शकतं. एलडीएल रक्तात जास्त झालं की ते नसांच्या आतल्या अस्तरात शिरून साचायला लागतं, वर्षानुवर्षं, आणि हे होताना दुखत नाही, खुपत नाही, चक्कर येत नाही. एचडीएल ते परत लिव्हरकडे न्यायला मदत करतं, पुरुषांत ते ४० च्या खाली नको आणि बायांमध्ये ५० च्या खाली नको. काका मान हलवत होते. "हो मॅडम, बरोबर हाये. एकदम बरोबर."

या खुर्चीत इतकी वर्षं बसून मला एक कळलंय, माणूस फार लवकर "बरोबर हाये" म्हणाला की समजायचं त्याने दार आतून लावून घेतलंय. माहिती त्याच्या कानाला लागली, भीतीला लागलीच नाही. आणि गोळी भीतीमुळेच अडलेली असते हे माझं पक्कं मत आहे. माणसाला रिपोर्ट जेवढा छळत नाही तेवढा रिपोर्टचा त्याने मनात लावलेला अर्थ छळतो. तो अर्थ शोधल्याशिवाय कितीही चार्ट दाखवा, पाकिटं फोटोमागेच राहणार.

म्हणून पेरणी उरकून ते परत आले तेव्हा मी कोलेस्ट्रॉलचं नावच काढलं नाही. पाऊस कसा झाला, किती वावर पेरलं, असंच बोलत बसलो. मग तेच म्हणाले, "एकदा चालू केली का मंग मरेपर्यंत सुटत नाही म्हणते न ते गोळी."

"कोण म्हणते?"

"सारेच म्हणते."

"तुम्ही स्वतः कोणाची पाहिली न सुटलेली?"

त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी खाली पाहिलं. मग म्हणाले, "माह्या बाबाची."

वडिलांना लकवा मारला होता. ओसरीत बाज, बाजेखाली बिस्किटाचा पत्र्याचा डब्बा, त्यात गोळ्या. सहा वर्षं. संध्याकाळी दिवा लावला की डब्बा उघडून गोळी द्यायचं काम काकांचं, तोंड वाकडं झालेलं त्यामुळे पाणी हनुवटीवरून गळायचं ते दुपट्ट्याने पुसायचं. हे सांगताना त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक धरून तसंच पुसून दाखवलं, स्वतःच्या हनुवटीवर. "गोळ्या सुरू झाल्या मॅडम, अन् बाबा बाजेवरून उठलेच नाही."

मला तिथे लगेच खूप काही बोलता आलं असतं. नाही बोलले. थोडं थांबून एवढंच विचारलं, "काका, आधी काय आलं? डब्बा का लकवा?"

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बाहेर कंपाउंडर नावं पुकारत होता.

"लकवा," म्हणाले.

"त्याच्या आधी गोळी चालू होती?"

"कायची गोळी? दवाखान्यातच जात नव्हते. बीपी हाये म्हणून डॉक्टरनं एकडाव सांगतलं होतं, पण बाबाले काहीच होत..."

आणि थांबले. स्वतःचंच वाक्य त्यांच्या कानावर पडलं. काकूंनी मान वर केली. मी डोळेसुद्धा हलवले नाहीत, कारण त्या क्षणी समुपदेशकाने तोंड उघडलं की सगळं जातं. चाळीस वर्षं एक माणूस उलटा क्रम मनात घेऊन जगला होता, डब्बा आला आणि बाप पडला. म्हणजे गोळी हातात घेणं म्हणजे बाजेवर जाऊन पडणं. असा अर्थ असेल तर मी पण गोळी देवाच्या फोटोमागेच ठेवली असती!

मग मी विचारलं, "कापसाची पराटी वरून हिरवीगार असते तेव्हा गुलाबी अळी हाये का नाही हे कसं समजते तुमाले?"

काका ताठ झाले, हा त्यांचा विषय. "वरून नाही समजत. बोंड हिरवंच दिसते, फोडलं का आत सरकी खाल्लेली. २०१७ ले असंच तं बुडलो आमी. आता सापळे लावतो, कामगंधाचे, त्या वासावर अळीचे पतंग येऊन अडकते. रोज पतंग मोजा लागते. एका सापळ्यात आठ-आठ पतंग, लागोपाठ तीन दिवस, का मंग थांबाचं नाही."

"पतंग मोजता तेव्हा पराटीले काही झालेलं असते?"

"तेव्हा कुठं? झाल्यावर मोजून काय फायदा."

मी रिपोर्ट उघडून टेबलावर ठेवला आणि १७२ वर बोट ठेवलं. काही बोलले नाही. त्यांनी कागद जवळ ओढला, लांब धरला, परत जवळ आणला.

"हे पतंग होय," काका म्हणाले.

हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही, आणि मला त्याचाच आनंद आहे. मी दिलेली उपमा ते गेटपर्यंत विसरले असते. स्वतःच्या तोंडून निघालेलं माणूस घरी घेऊन जातो. त्या रात्री पहिली गोळी खाल्ली असं काकूंनी नंतर सांगितलं, आणि पाकिटं फोटोमागून काढून चहा-साखरेच्या डब्याजवळ ठेवली.

आता जे सगळेच विचारतात ते सांगते. "किती पाहिजे?" साधारण एलडीएल १०० च्या खाली चांगलं, पण आकडा एकटा पाहायचा नसतो, शुगर आहे का, बीपी आहे का, तंबाखू आहे का, आधी अटॅक येऊन गेला का, यावर डॉक्टर ठरवतात, म्हणून शेजाऱ्याला १४० असून गोळी नाही अन् मलाच का असं भांडू नका. शुगर असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल तर बहुतेक वेळा गोळी देतातच. एलडीएल १९० किंवा वर गेलं तर ते घराण्यातून आलेलं असू शकतं, मग भावा-बहिणींचं आणि पोरांचंही तपासा. बायांनो, पाळी गेल्यावर एलडीएल वाढतं, तेव्हा फक्त नवऱ्याचा रिपोर्ट घेऊन येऊ नका. गोळीने अंग, मांड्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करतात नाहीतर दुसरी देतात, पण आपल्या मनाने बंद नका करू. अर्जुनसालीचा काढा घ्यायचा असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, गोळीच्या जागी मात्र नाही. आणि "आयुष्यभर" हा शब्द मी आधी वापरतच नाही. बहुतेकांना लांब चालते हे लपवत नाही, पण म्हणते, पुढच्या तपासणीपर्यंत, तीन महिने, मग बसून पाहू. तीन महिने कोणीही झेपवतो.

तेलाचं काकूंनी काढलं. पाकिटावर "कोलेस्ट्रॉल फ्री" लिहिलंय म्हणून त्या निर्धास्त होत्या. अहो, कोणत्याही झाडाच्या तेलात, मग ते सरकीचं असो का सोयाबीनचं का शेंगदाण्याचं, कोलेस्ट्रॉल नसतंच, ते फक्त प्राण्यांच्या पदार्थात असतं. पाहायचं असेल तर मागे बारीक अक्षरात पाम लिहिलंय का ते पाहा, कारण पाम तेलाने आणि डालड्याने एलडीएल वाढतं. मी म्हटलं पिपा किती दिवस पुरतो मोजा. १५ किलोचा पिपा, पाच माणसं, दोन महिने. बोटावर हिशोब केला तर माणशी रोज ५० ग्रॅम निघालं, सांगतात त्याच्या जवळपास दुप्पट. त्यांनी गोळाभात बंद नाही केला, वरून ओतायचं फोडणीचं तेल वाटीऐवजी चमच्याने वाढायला लागल्या, आणि जेवणात जवसाची चटणी आली, ती तर आपल्या घरचीच. मला असेच बदल आवडतात. ज्या घरात तर्री एकदम बंद होते तिथे पंधरा दिवसांनी टपरीवरचा आलूबोंडा सुरू होतो.

पोळ्याच्या आधी रिपोर्ट आला, एलडीएल ९४. डॉक्टर म्हणाले शुगर आहे म्हणून अजून खाली आणू. काका माझ्याकडे येऊन बसले. "नॉर्मल आलं न मॅडम, आता सोडू का?"

मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही," तेच म्हणाले. "पतंग कमी झाले म्हणून सापळे काढाचे नसते."

थोडं वेगळं आहे ते, मी सांगितलं. पराटीचा हंगाम संपतो, लिव्हरचा संपत नाही, ते रोज बनवतंय, गोळी सोडली की काही आठवड्यांत आकडा परत वर. ते म्हणाले समजलं, आणि यावेळी "एकदम बरोबर" म्हणाले नाहीत.

तंबाखू-सुपारीचा खर्रा मात्र आहे. दिवसाला पाच होते, दोनवर आलेत, तेही काकू सांगतात म्हणून मला माहीत. तंबाखूने नसांचं वेगळंच नुकसान होतं, गोळी त्याची भरपाई करत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. त्या दोन खर्ऱ्यांमागे काय दडलंय ते अजून आमचं बोलून झालं नाही. दिवाळीनंतर यायचं ठरलंय, कापूस वेचणीची गर्दी असली तर दोन दिवस मागेपुढे.