पद्मिनी विकणार का हो?

प्रश्न : वडिलांची १९८४ची प्रीमियर पद्मिनी मी अजून चालवतो. गणपती मंदिरापाशी थांबा नाहीतर पंपावर, लोक जमतातच, ॲव्हरेज किती, पार्ट मिळतात का, विकणार का. घाई असते पण तोडून बोलायला जिवावर येतं. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दादा, तोडून बोलूच नका. विचारणाऱ्यातल्या निम्म्यांच्या घरी नाहीतर मामाकडं ही गाडी होती, त्यांना ॲव्हरेजशी काही देणंघेणं नसतं, गाडीला एकदा हात लावायचा असतो. पोरं काचेला नाक लावून गिअर शोधतात ना, तेव्हा दार उघडा, स्टिअरिंगच्या बाजूचा दांडा दाखवा, पहिला टाकून दाखवा. दोन मिनिटं जातात फक्त. आणि हेही सांगा की आपल्या विश्रामबागच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे त्याच वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं ही कुर्ल्याला बनवली, मूळ डिझाईन फियाटचं, इंजिन १०८९ सीसी. सांगलीकराला हे ऐकून बरं वाटतं, मला तरी वाटतं.

घाई असेल तर गाडीत बसता बसताच बोला, "काका, रविवारी सकाळी धुवत असतो, या निवांत." खरंच आले तर चहा पाजा, जुने पार्ट कुणाच्या माळ्यावर पडलेत हे अशाच माणसांकडनं कळतं.

"विकणार का"ला मात्र एकच उत्तर, "वडिलांची आहे." किंमत चुकूनही बोलू नका, आकडा तोंडातनं गेला की घासाघीस सुरू. आणि अनोळखी माणसाला चावी देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.