‘प्रकाशित’ हस्तलिखित म्हणजे काय, कपाळ?

प्रश्न : एका प्रदर्शनात कुराणाच्या सोनेरी नक्षीच्या जुन्या प्रतीखाली ‘प्रकाशित हस्तलिखित’ असं लिहिलेलं होतं. इल्युमिनेटेड मॅन्युस्क्रिप्टला मराठीत हेच म्हणायचं का? फारसीत या कलेला ‘तहजीब’ म्हणतात असंही कानावर आलं. ते खरं का?

दोन्ही चूक.

प्रकाशित म्हणजे छापून बाजारात आलेलं. फलक लिहिणाऱ्याने कोश उघडला, ‘इल्युमिनेट’समोर ‘प्रकाशित करणे’ दिसलं, आणि त्याने खिळा ठोकला. हा शब्द मी गेल्या काही वर्षांत इतक्यांदा वाचलाय की आता फलक आधी बघतो आणि पोथी नंतर. युरोपीयांना त्या पानावर उजेड दिसला, म्हणून त्यांनी तसा शब्द केला. अरबांनी सरळ सांगितलं, सोनं लावलंय. जहब म्हणजे सोनं. त्यावरून तजहीब, आणि ते काम करणारा मुजह्हिब.

तर शब्द तजहीब. ‘तहजीब’ नव्हे! तहजीब म्हणजे मुळात छाटणी, झाडाची फालतू वाढ काढणं. माणसाची काढली की तो सभ्य होतो, म्हणून लखनौची तहजीब. दोन अक्षरांची जागा बदलली की सोन्याची कात्री होते. याच धर्तीवर ‘मजहब म्हणजे सुवर्णमार्ग’ असं एका व्याख्यात्याने छातीठोकपणे सांगितलेलं मी ऐकलंय. मजहबमधला धातू ‘जाणे’ या अर्थाचा. सोनं हातातून जातं म्हणून ते जहब, असं अरबांतही पूर्वापार सांगतात. पण ती कोटी आहे. हिब्रूत सोन्याला झाहाव म्हणतात, आणि तिथे या जाण्या-येण्याचा काही संबंध नाही.

असो. खरी गंमत पुढेच आहे. हे सोनं कागदावर चढतं कसं? आधी ठोकून त्याचा पातळ पापुद्रा करायचा. मग तो डिंकात किंवा मधात बोटाने घोटत बसायचा, अगदी भुकटी होईपर्यंत. ती धुऊन, चिकट द्रावणात कालवून कुंचल्याने लावायची आणि वाळल्यावर अकीकाच्या गुळगुळीत खड्याने घासायची, की चमक येते. त्या पापुद्र्याचं नाव वरक. अरबीत वरक म्हणजे झाडाचं पान, मग पुस्तकाचं पान, मग सोन्या-चांदीचंही. हस्तलिखितं उतरवून देणारा आणि कागद विकणारा तो वर्राक. अब्बासी खलिफांच्या काळातल्या बगदादमध्ये वर्राकांचा स्वतंत्र बाजार होता. तोच वरक तुमच्या काजूकतलीवर बसलाय. आपला वर्ख!

आणि मिठाईवाले खोक्यावर काय छापतात? ‘सिल्व्हर वर्क’. चांदीचं कसलं काम खातो आपण? पान खातो, पान. वर्ख ठोकण्याची जुनी रीतही बघा: चांदीचे तुकडे कातड्याच्या पानांत ठेवून ती चळत तासन्‌तास हातोडीने ठोकायची. म्हणजे पान तयार होतं तेही एका वहीतच. मराठीतही झाडाचं पान ते पुस्तकाचं पान, आणि दसऱ्याला आपण आपट्याचं पान ‘सोनं’ म्हणून हातात ठेवतो. याचा वरकाशी संबंध नाही हे मला कळतं, घरच्यांनी आठवण करून द्यायची गरज नाही. पण जुळतं ना!

आता वरकचा वर्ख कसा झाला? माझं मत असं की हा ख दख्खनी उर्दूचा. हैदराबादकडे अरबी घशातला ‘क’ सर्रास ‘ख’ होतो, कलमाला खलम म्हणतात. ‘बुर्का’चा आपल्याकडे बुरखा झाला तोही याच वाटेने. यावर एका कोशकार स्नेह्यांचा ठरलेला आक्षेप: मग मराठीत कलम, कैद, किल्ला कसे राहिले? कारण हे शब्द दफ्तरातून आले, लिहिलेले. वर्ख आणि बुरखा बाजारातून, कानाने आले. ‘उत्तरेतही वरख म्हणतात,’ हे त्यांचं पुढचं अस्त्र. म्हणू देत. स्नेह्यांना उत्तरेशिवाय व्युत्पत्ती सापडत नाही. सोनं-रंगाची फारसी पुस्तकं आपल्या दारात बनत होती हे ते विसरतात. हुसेन निजामशहावर आफताबी नावाच्या कवीने रचलेलं, तालीकोटची १५६५ची लढाई सांगणारं ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ अहमदनगरचं, आणि त्याची सचित्र प्रत आहे पुण्यात, भारत इतिहास संशोधक मंडळात.

वरक सुटे झाले की काय होतं, त्याचं उदाहरण इराणच्या शाह तहमास्पचा शाहनामा, म्हणजे फिरदौसीच्या राजकथांच्या महाकाव्याची शाही प्रत. सोळाव्या शतकात तब्रिझमध्ये बनलेला, २५८ चित्रांचा. १९५९मध्ये एका अमेरिकन संग्राहकाने घेतला आणि पानं सुटी केली. काही संग्रहालयाला दिली, काही विकली. १९९४मध्ये उरलेली ११८ चित्रं तेहरानला परत गेली, तीही डी कूनिंग या आधुनिक अमेरिकन चित्रकाराच्या एका चित्राच्या बदल्यात.

हां, फलक राहिलाच. ‘सुवर्णमंडित’ लिहू नका, देवळाचा कळस आठवतो. ‘सोनेरी कामाचं हस्तलिखित’ लिहा. यात ‘काम’ आलंच, आता मिठाईवाले मला हसतील. हसोत.