नॉब संपला, तरी छर्रा खालीच?

भाऊ, एअरगनवरच्या स्कोपचा (नेमाच्या दुर्बिणीचा) उंचीचा नॉब शेवटपर्यंत फिरवला, तरी छर्रा लक्ष्याच्या खालीच लागतो म्हणतोस. एवढ्यावरून स्कोप खराब ठरवू नकोस. आधी हे बघ:

- माउंटचे (स्कोप बंदुकीवर धरणाऱ्या रिंगांचे) आणि स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू. स्प्रिंगच्या बंदुकीच्या झटक्याने ते हमखास ढिले होतात.
- पाव एमओएच्या स्कोपमध्ये (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) १० मीटरवर नॉबची एक क्लिक म्हणजे जेमतेम ०.७ मिमी. छर्रा सेंटिमीटरभर वर घ्यायला चौदाएक क्लिक लागतात. नवखे लोक दोन-चार देऊनच थांबतात.
- एका छऱ्यावरून नॉबला हात लावू नकोस. पाच मार, त्यांचा मध्य धर, मग फिरव.

तरीही खालीच? मग बहुतेक बंदुकीची नळी किंचित झुकलेली आहे. नळी खाली वाकवून छर्रा भरायच्या बंदुकीत हे नेहमीचंच. नॉब मध्यावर आण आणि मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, जुन्या फोटो-फिल्मची एक पट्टी ठेव. मागची बाजू उचलली की छर्रा वर जातो. पट्ट्यांचा थर मात्र रचू नकोस, स्कोपची नळी दबते.

मारताना बंदुकीची नळी विटेवर टेकवू नकोस. बंदूक तळहातावर सैल राहू दे. आपल्याकडे दुपारी पऱ्हाटीवरची हवा लहरते आणि लक्ष्य नाचतं, म्हणून सकाळीच बस. लक्ष्यामागे मातीचा उंच धुरा हवाच, त्यापलीकडे कुणी निंदायला बसलेलं नाही हे स्वतः जाऊन बघ. अंतराचं गणित, वाऱ्याचं गणित नंतर सांगतो.