पीएचडीला इंजेक्टिव्ह मॉड्यूलचं नवीन सामान्यीकरण घेऊ का?

प्रश्न असा आहे: "इंजेक्टिव्ह मॉड्यूलची क्वासी, स्यूडो, पी, एफपी अशी ढीगभर सामान्यीकरणं का आहेत? गाईड म्हणतात, तू आणखी एक काढ. काढू का?"

नका काढू. निदान पहिल्या वर्षी तरी नाही. (नवख्यांसाठी: मॉड्यूल म्हणजे व्हेक्टर स्पेससारखी रचना, फक्त गुणक रिंगमधून येतात, म्हणजे पूर्णांकांसारख्या बेरीज-गुणाकार असलेल्या संचातून. इंजेक्टिव्ह म्हणजे ज्यात येणारा, छोट्या मॉड्यूलवरचा मॅप नेहमी मोठ्या मॉड्यूलवर वाढवता, म्हणजे एक्स्टेंड करता येतो.)

एवढं तोडून सांगतोय, कारण मी एक काढलं होतं. चौदा महिने घातले. माझ्या गाईडची, म्हणजे सरांची, कल्पना ऐकायला छान होती. बेअरची १९४० ची कसोटी सगळ्यांना पाठ असते: रिंगच्या प्रत्येक आयडियलवरचा (रिंगने गुणलं तरी बाहेर न जाणाऱ्या भागावरचा) मॅप पूर्ण रिंगवर एक्स्टेंड झाला, की मॉड्यूल इंजेक्टिव्ह. आम्ही म्हटलं, प्रत्येक आयडियल कशाला? जी इसेन्शियल आहेत (प्रत्येक शून्येतर आयडियलशी शून्याखेरीज काहीतरी सामाईक असणारी) आणि शिवाय फायनाइटली जनरेटेड आहेत (मर्यादित घटकांपासून बनणारी), तेवढ्यांवरचेच मॅप एक्स्टेंड व्हावेत. दोन ठिकाणी अट सैल केली म्हणजे वर्ग मोठा झाला, आणि वर्ग मोठा झाला म्हणजे पेपर झाला. नावही ठेवलं होतं. ते आता सांगत नाही, लाज वाटते.

तिसऱ्या महिन्यात अडलो. आमच्या मॉड्यूलचे अविभाज्य तुकडे पडतात का, ते काही केल्या जमेना. सरांनी माझी वही ओढली आणि समासात हिरव्या शाईने लिहिलं, "रिंग नोएथेरियन धरून पुढे." धरली. ही रिंगवरची एक जादा अट. मग काय, सगळं लोण्यासारखं! प्रत्येक मॉड्यूल अविभाज्य तुकड्यांची डायरेक्ट सम निघालं. पाच प्रमेयं झाली. नोएथेरियन रिंगवर इंजेक्टिव्ह मॉड्यूलचं नेमकं हेच होतं, हे मॅटलिसने १९५८ मध्येच दाखवलंय आणि मी ते एम.एस्सी.ला घोकलं होतं. तेव्हाच डोक्यात घंटा वाजायला हवी होती. नाही वाजली. एक्स्टच्या (होमॉलॉजिकल बीजगणितातल्या एका साधनाच्या) भाषेत लिहिलं की साधी गोष्टही भारदस्त दिसते.

पाठवलेल्या पेपरवरचा रेफरीचा निरोप एसटी स्टँडवर मोबाईलवर वाचला. जेमतेम तीन ओळी. नोएथेरियन रिंगमध्ये प्रत्येक आयडियल फायनाइटली जनरेटेडच असतं, म्हणजे तुमची ती अट गेली. राहिलं इसेन्शियल. कोणत्याही आयडियलला त्याचं कॉम्प्लिमेंट (त्याच्याशी फक्त शून्य सामाईक असलेलं, आणखी मोठं न करता येणारं आयडियल) जोडा, बेरीज इसेन्शियल होते. कॉम्प्लिमेंटवर मॅप शून्य ठेवा, एक्स्टेंड करा, बेअर लावा. लेखकांचा नवा वर्ग म्हणजे इंजेक्टिव्ह मॉड्यूल.

मी तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते करून बघितलं. एवढ्याशा कागदावर मावलं, वर जागाही उरली. तोवर माझी गाडी सुटली होती.

सर म्हणाले, "मग नोएथेरियन काढून टाक ना." जणू भाजीत मीठ जास्त झालंय! ती अट काढली की पाचही प्रमेयांच्या सिद्धता कोसळतात; त्या तिच्याच जिवावर उभ्या होत्या. आणि पुढच्या महिन्यात विभागाच्या सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "मुलाने घाईत नोएथेरियन धरली." वही अजून माझ्या कपाटात आहे. हिरवी शाई जराही फिकी पडलेली नाही.

आता तुमच्या "का आहेत" बद्दल. चांगलं सामान्यीकरण इंजेक्टिव्हचा एखादा गुण राखतं आणि त्याच्या बदल्यात काहीतरी गमावतं. काय गमावलं, तिथे खरं गणित असतं. क्वासी-इंजेक्टिव्ह घ्या: मॉड्यूलच्या कोणत्याही सबमॉड्यूलवरून त्याच मॉड्यूलमध्ये जाणारा मॅप पूर्ण मॉड्यूलवर एक्स्टेंड होतो. जॉन्सन आणि वाँग यांनी १९६१ मध्ये दाखवलं की हे म्हणजेच मॉड्यूलने आपल्या इंजेक्टिव्ह हलच्या (त्याला सामावणाऱ्या सर्वांत लहान इंजेक्टिव्ह मॉड्यूलच्या) प्रत्येक एंडोमॉर्फिझमखाली (हलमधून हलमध्येच जाणाऱ्या मॅपखाली) स्वतःतच राहणं. पूर्णांकांवर झेड-४ (४ ने भागल्यावरच्या बाकींचा ग्रुप) बघा. तो डिव्हिजिबल नाही (त्यातल्या प्रत्येक घटकाला हव्या त्या पूर्णांकाने भागता येत नाही), म्हणजे इंजेक्टिव्ह नाही. पण त्याच्या हलमध्ये, म्हणजे २ च्या प्रूफर ग्रुपमध्ये (छेद २ चा घात असलेले अपूर्णांक, पूर्णांक भाग सोडून), चार घटकांचा सबग्रुप एकच आहे, त्यामुळे कोणताही एंडोमॉर्फिझम त्याला बाहेर नेऊ शकत नाही. झेड-२ चंही तसंच. दोघेही क्वासी-इंजेक्टिव्ह. पण त्यांची डायरेक्ट सम करा आणि झेड-४ मधल्या २ ला झेड-२ मधल्या १ वर पाठवा. हा मॅप एक्स्टेंड करायचा तर असा घटक हवा, ज्याची दुप्पट केल्यावर झेड-२ च्या जागी १ येईल. तिथे दुप्पट म्हणजे नेहमी शून्यच. संपलं. दोन इंजेक्टिव्हची सम इंजेक्टिव्ह असते, दोन क्वासींची क्वासी असेलच असं नाही. हे दोन मिनिटांचं उदाहरण हाताने केल्याशिवाय पुढचं काही वाचू नका.

स्यूडो-इंजेक्टिव्ह हे आपल्या भारतीयांचंच, जैन आणि सिंग, १९६७. तिथे फक्त एकास-एक मॅप एक्स्टेंड व्हावे लागतात. यातून एक साधा प्रश्न येतो: हलच्या सगळ्या एंडोमॉर्फिझमऐवजी नुसत्या ऑटोमॉर्फिझमखाली (उलटवता येणाऱ्या एंडोमॉर्फिझमखाली) मॉड्यूल टिकलं, तर ते स्यूडो-इंजेक्टिव्हच का? स्यूडोवरून ऑटोमॉर्फिझमकडे जाणं एका पानात होतं, तुम्हीसुद्धा कराल. उलट दिशा एर, सिंग आणि श्रीवास्तव यांनी २०१३ मध्ये सिद्ध केली. व्याख्येनंतर तब्बल ४६ वर्षांनी! सामान्यीकरण जिवंत असेल तर त्यातून असा प्रश्न निघतो. आमच्यातून रेफरीच्या तीन ओळी निघाल्या.

कंटिन्युअस, सीएस वगैरे सामान्यीकरणांच्या शाखेत मी शिरत नाही, ते स्वतंत्र प्रकरण आहे.

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर नुसता राग काढतोय असं वाटेल. सगळीच सामान्यीकरणं पोकळ नसतात. एफपी-इंजेक्टिव्ह (इथे फक्त फ्री मॉड्यूलच्या फायनाइटली जनरेटेड सबमॉड्यूलवरचे मॅप एक्स्टेंड व्हावे लागतात) नोएथेरियन रिंगवर इंजेक्टिव्हच ठरतं, पण त्याचा उपयोगच मुळी नोएथेरियन नसलेल्या रिंगवर आहे आणि तिथे ते खरोखर वेगळं आहे. एनॉक्स आणि जेंडा यांचं १९९५ चं गोरेनस्टाइन इंजेक्टिव्हही गरजेतून आलंय, हौसेतून नाही. आणि आमच्या प्रकरणात दोष माझाही होता. बेअर मला पाठ होता, मी एकदाही पडताळून पाहिलं नाही.

तुमचे गाईड तसे नसतीलही. तरी पहिल्याच भेटीत त्यांना म्हणा, "सर, नवीन वर्गातलं पण इंजेक्टिव्ह नसलेलं एक मॉड्यूल फळ्यावर लिहा, आणि तेही आपण ज्या रिंगवर काम करणार त्याच रिंगवर." लिहिलं तर विषय घ्या. आणि पुढे कधी "अमुक धरून चाल" म्हणाले, तर ते त्यांच्याच अक्षरात, तारीख टाकून लिहून घ्या. माझ्या वहीत तारीख नाही.